माईक आपला, खोली आपली – मग गाणे कोणाचे?



आमच्या जंक्शनच्या रेल्वे कॉलनीत एक भजनी मंडळ आहे. शेडमधले फिटर, रुळावरचे गँगमन, पार्सल ऑफिसातले कारकून आणि शेजारच्या टपाल वसाहतीतले पोस्टमन असे सोळा जण एकादशीला भजन करीत आणि गेटसभेला तेच लोक हलगी घेऊन उभे राहत. त्यांच्यापैकी एका गँगमनने पावसाळ्यातल्या रात्रगस्तीवर एक गाणे रचले. चालही त्यानेच बांधली. २००४ साली शहरातल्या एका कॅसेटवाल्याने ते ध्वनिमुद्रित करून दिले. स्टुडिओचे भाडे त्याने भरले, प्रत्येकाला दहा-दहा कॅसेटी दिल्या आणि इंग्रजीतल्या एका पानावर सह्या घेतल्या. मंडळी खूश होती.

२०२१ साली तो गँगमन निवृत्त झाला. निरोपसमारंभाचे चित्रण शाखेतल्या तरुणांनी इंटरनेटवर चढवले. त्यात मागे तेच गाणे वाजत होते. दुसऱ्याच दिवशी सूचना आली : या ध्वनिमुद्रणावर दुसऱ्याचा हक्क आहे, सबब आवाज बंद करण्यात आला आहे. पडद्यावर हार घालताहेत, हात मिळवताहेत, ओठ हलताहेत आणि आवाज नाही! शब्द आमचे, चाल आमची, सोळाही गळे आमचे; आवाज मात्र परक्याचा.

लक्षात घ्या, त्या कॅसेटवाल्याने चोरी केली नव्हती. सह्या आम्हीच केल्या होत्या. वेतन करारातले एकेक कलम रात्र-रात्र जागून वाचणारे आम्ही, गाण्याच्या बाबतीत मात्र न वाचता सही करून मोकळे झालो. का? तर गाणे म्हणजे हौस, आणि हौसेला कसला करार, ही आमची समजूत!

या लेखातून सांगायचे ते एवढेच. गाणे ध्वनिमुद्रित करण्याचे साधन आज कामगाराच्या खोलीत मावते, आणि ते आपण आणलेच पाहिजे. पण साधन घरात आले म्हणून मालकी आपोआप घरात येत नाही. तिच्यासाठी कागद लागतो, आणि तो कागद वाचायला संघटना लागते.

यंत्र महाग होते, म्हणून मालक मोठा होता

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीची माणसे कलकत्त्याला आली आणि गौहर जान यांचे गाणे त्यांनी तबकडीवर घेतले. १९०८ साली त्याच शहरात तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला. तेव्हापासून सत्तर-पंच्याहत्तर वर्षे गणित सरळ होते. यंत्र कंपनीचे, खोली कंपनीची, म्हणून मुद्रण कंपनीचे. गाणारा आपला गळा घेऊन आत जाई आणि बिदागी घेऊन बाहेर येई. गिरणीच्या दारातून आत जाणाऱ्या मजुरापेक्षा त्याची स्थिती फार वेगळी नव्हती.

१९४० च्या दशकात अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने कामगार वस्त्या हलवून सोडल्या. त्या हजारो कार्यक्रमांच्या मानाने मुद्रित होऊन राहिलेला आवाज किती थोडा! मे १९७४ चा वीस दिवसांचा रेल्वे संप इतिहासात नोंदला गेला; पण त्या दिवसांत आपापल्या कॉलनीत काय गायले गेले ते आज किती शाखा ऐकवू शकतील? मुद्रणाचे यंत्र आपल्या हाती नव्हते आणि ज्याच्या हाती होते त्याला आपली गाणी नको होती.

यंत्र स्वस्त झाल्यावर काय होते, याचे एक परदेशी उदाहरण बोलके आहे. १९७९ साली टास्कॅम या जपानी कंपनीने साध्या कॅसेटवर चार आवाज वेगवेगळे मुद्रित करणारे 'पोर्टास्टुडिओ' नावाचे टेबलावर मावणारे यंत्र आणले. ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन गायकाने ते घेतले आणि जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या आपल्या राहत्या घरी, झोपायच्या खोलीत, दोन साध्या माईकवर गाणी मुद्रित केली. त्यात मोटारींचा कारखाना बंद पडून बेकार झालेल्या माणसाचेही गाणे आहे. पुढे मोठ्या स्टुडिओत वादकांचा ताफा घेऊन तीच गाणी पुन्हा करून पाहिली. पण खोलीतल्या फितीत जे होते ते तिथे येईना. शेवटी घरचीच फीत 'नेब्रास्का' या नावाने त्याच वर्षी बाजारात आली.

ही चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आज चार ट्रॅक कशाला, साधा जुना संगणक वीस-पंचवीस ट्रॅक सहज पेलतो. यंत्र महाग आहे म्हणून मालकी आमची, हा युक्तिवाद संपला आहे. तरीही मालकी हलत नाही. ती का हलत नाही, तेच पाहायचे आहे.

दुकानदाराची भूलथाप

मालकीकडे वळण्याआधी दुकानदाराचा समाचार घेतला पाहिजे. 'घरच्या घरी स्टुडिओ' हा आज मोठा धंदा आहे. तरुण कामगाराला सांगितले जाते, हा माईक घे, तो स्पीकर घे, भिंतींना हा फोम लाव, हप्ते पाडून देतो. पगारातून सोसायटीचे कर्ज कापून जाते, त्यात हा आणखी एक हप्ता! आणि वर्षभराने त्या खोलीत गाणे एकही होत नाही.

तेव्हा ठणकावून सांगतो. घरी संगणक असेल, तर सुरुवातीला पाचच वस्तू लागतात : एक डायनॅमिक माईक, त्याचा स्टँड, तीन पिनांची केबल, कान पूर्ण झाकणारा हेडफोन आणि माईकचा आवाज संगणकात नेणारी इंटरफेस नावाची दोन तोंडांची डबी. सातव्या वेतन आयोगाने २०१६ पासून लागू केलेले किमान मूळ वेतन १८,००० रुपये होते. साधा संच तेवढ्या रकमेच्या आत बसवता येतो. मुद्रणाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. 'ऑडॅसिटी' हा कार्यक्रम २००० सालापासून कोणालाही मोफत आणि मोकळा आहे.

डायनॅमिकच का? कंडेन्सर माईक नाजूक आवाज टिपतो हे खरे. पण शेजारचा कुकर, वरचा पंखा आणि यार्डातले शंटिंगही तितक्याच प्रेमाने टिपतो. शिवाय त्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. डायनॅमिक माईक दणकट असतो, त्याला वेगळी वीज लागत नाही, आणि तोंडाजवळ धरला की आजूबाजूचा गोंगाट मागे पडतो. क्वार्टरमध्ये राहणाऱ्याचा माईक तोच.

अंड्यांचे ट्रे भिंतीला लावल्याने आवाज बाहेर जात नाही, ही शुद्ध भूलथाप आहे. आवाज अडवायला वजन आणि हवाबंद फटी लागतात. पुठ्ठ्यात दोन्ही नाही. पॅकिंगचा साधा फोम भिंतींना चिकटवणे तर जिवाशी खेळ आहे. २००३ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात एका गाण्याच्या क्लबात स्टेजवरच्या शोभेच्या दारूने अशाच फोमने पेट घेतला आणि १०० माणसे मेली. वर्कशॉपमध्ये सुरक्षेचे नियम मागणाऱ्यांनी घरात स्वतःच्या हाताने जळण चिकटवू नये.

खोली कशी लावावी, गाणे कसे घ्यावे

मधोमध उभे राहून टाळी वाजवा. मागून 'टण्' असा पडसाद आला तर खोली घुमते आहे. घुमारा मुद्रणात एकदा शिरला की नंतर काढता येत नाही; माईकपेक्षा खोली महत्त्वाची ती यासाठी. उपाय घरातच आहेत. खाली सतरंजी, दाराला जाड चादर, आणि कापसाची गादी उभी करायची ती गाणाऱ्याच्या पाठीमागे. हा माईक समोरचे ऐकतो, म्हणजे गाणारा आणि त्याच्या मागची भिंत. तिथेच आवाज शोषला गेला पाहिजे. दोन गोधड्या दोरीवर टाकल्या की काम आणखी सोपे होते. पंखा आणि फ्रिज तेवढा वेळ बंद. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

गाडीचा आवाज कसा टाळायचा, हे रेल्वेवाल्याने दुसऱ्याला विचारावे काय? रात्री कोणत्या दोन गाड्यांमध्ये किती मिनिटे मोकळी मिळतात, हे स्टेशनवरच्या माणसाइतके कोणाला ठाऊक? आमच्याकडची मुद्रणे वेळापत्रक समोर ठेवूनच होतात.

विजेच्या गुणगुणीबद्दलही आपल्याला बाहेरच्यापेक्षा जास्त कळते. २५,००० व्होल्टच्या ओव्हरहेड तारेखालून जाणाऱ्या टेलिफोन लाइनमध्ये गुणगुण का येते, हे सिग्नल-टेलिकॉमच्या खलाशालाही माहीत असते. तीन पिनांची माईक केबल त्याच दुखण्यावरचा इलाज आहे. आत दोन तारा एकच आवाज उलट-सुलट वाहून नेतात. बाहेरची गुणगुण दोन्हींत सारखीच शिरते आणि पुढे एकीतून दुसरी वजा होताच नाहीशी होते. म्हणून दोन पिनांची स्वस्त केबल घेऊ नका, आणि अर्थिंग इलेक्ट्रिकल विभागातल्या बंधूकडून तपासून घ्या.

आता प्रत्यक्ष काम. मुद्रण २४ बिट आणि सेकंदाला ४८,००० नमुने या मापाने ठेवावे. माईक तोंडापासून एक वीत अंतरावर आणि किंचित तिरका, म्हणजे 'प' आणि 'फ' चा फुस्कारा त्यावर आदळत नाही. गाणाऱ्याला सगळ्यांत मोठी तान घ्यायला सांगा आणि तेव्हा काटा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहील एवढेच बटण उघडा. शून्याला टेकला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही.

हेडफोनमध्ये आपलाच आवाज उशिरा येऊन ताल सुटत असेल, तर सॉफ्टवेअरमधला बफर पाहा. तो १,०२४ नमुन्यांवर असेल तर सुमारे २१ मिलिसेकंदांचा उशीर होतो. १२८ वर आणला की तीनच्याही खाली येतो. गाणे घेताना बफर लहान, नंतर आवाज जुळवताना मोठा.

आधी पेटी आणि ढोलकी घ्या, मग गळा, मग कोरस. ढोलकीला दोन माईक मिळाले तर एक शाईच्या तोंडाला, दुसरा धुमाच्या. एकच असेल तर तो वादकाच्या समोर दोन हातांवर. टाळ खोलीच्या दुसऱ्या टोकाला. जवळ घेतले तर सगळे गाणे तेच खाऊन टाकतात. कोरससाठी सहा जण अर्धवर्तुळात उभे करा, दोनदा गाऊन घ्या आणि दोन्ही एकावर एक ठेवा. बारा गळ्यांचा भार येतो.

पाच मिनिटांचे सहा ट्रॅकचे गाणे सुमारे २६० मेगाबाइट जागा घेते. मूळ ट्रॅकच्या तीन प्रती ठेवा : एक संगणकात, एक वेगळ्या डिस्कवर, एक दुसऱ्याच्या घरी. याच डबीला जुना टेपरेकॉर्डर जोडून घराघरांत पडलेल्या गेटसभांच्या कॅसेटीही उतरवून घेता येतात. त्यांना बुरशी लागते आहे. हे काम पुढल्या वर्षावर टाकण्यासारखे नाही.

घर हाच कारखाना?

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, झाले तर, आता कंपनीची गरजच उरली नाही, कलावंत मुक्त झाला! हा डांगोरा वर्तमानपत्रांतून पिटला जातो. कामगार चळवळीने त्याला भुलता कामा नये.

घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांची गोष्ट आठवा. सुपे त्यांचे, दिवा त्यांचा, जागा त्यांची, पाठ त्यांची. विडी मात्र कारखानदाराची. शेड बांधण्याचा खर्च वाचला, देखरेखीचा वाचला, आणि 'या आमच्या कामगारच नाहीत' म्हणायची सोय झाली. लढे झाले तेव्हा १९६६ च्या विडी-सिगार कायद्यात घरी काम करणारीलाही कामगार म्हणून धरले गेले. घरचा स्टुडिओ याच वाटेने चालला आहे. पूर्वी कंपनी स्टुडिओचे भाडे भरे, रेकॉर्डिस्टला पगार देई, वादकांना बिदागी देई. आज ती म्हणते, तयार माल पाठवा. माईक तुमचा, वीज तुमची, रात्रीची झोप तुमची. गाणे चालले तर हक्क आमच्याकडे. नाही चालले तर नुकसान तुमचे. ही मुक्ती काय? ही तर अंगावरच्या कामाची जुनीच पद्धत, फक्त हेडफोन घालून आली आहे.

आणखी एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. मोठ्या स्टुडिओत काम करणारा रेकॉर्डिस्ट, सारंगीवाला, ढोलकीवाला हेही श्रमिकच होते. घरोघरी एकच माणूस बटणे दाबून ढोलकी 'लावतो', तेव्हा एका ढोलकीवाल्याची संध्याकाळची भाकरी जाते. खाजगीकरणात कंत्राटदार आपली जागा घेतो म्हणून आपण ओरडतो, मग दुसऱ्याची जागा आपण फुकटात भरून काढताना गप्प का? आमचे म्हणणे असे : मंडळाचा वादक मंडळात फुकट वाजवील, पण बाहेरचा बोलावला तर त्याला आधी ठरवून पूर्ण बिदागी द्यावी. आवाज जुळवण्याचे शेवटचे काम जाणत्या रेकॉर्डिस्टकडून पैसे देऊन करून घ्यावे. घरचा स्टुडिओ हा मालकाचे भाडे वाचवण्यासाठी असावा. कारागिराची मजुरी वाचवण्यासाठी तो असता कामा नये.

मालकी कागदावर असते

आता मुख्य मुद्दा. कॉपीराइट कायदा, १९५७ एका गाण्यात निदान तीन मालमत्ता पाहतो : शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. शब्द लिहिणाऱ्याचे, चाल बांधणाऱ्याची. चाल नोटेशनमध्ये लिहिलेली असली पाहिजे, ही अट १९९४ च्या दुरुस्तीने गेली. म्हणजे निरक्षर शाहिराची चालही त्याचीच. ध्वनिमुद्रण मात्र 'निर्मात्या'चे, आणि ज्याने मुद्रणाचा पुढाकार घेतला व जबाबदारी उचलली तो निर्माता. प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे त्याचा हक्क चालतो. आमचे २००४ चे मुद्रण २०६४ अखेरपर्यंत दुसऱ्याचे आहे. त्या गँगमनच्या नातवाचे केस पिकतील तोवर!

उलट, आपल्या खोलीत, आपल्या पुढाकाराने मुद्रण केले की निर्माते आपण. घरच्या स्टुडिओची खरी किंमत इथे आहे. पण एका सहीने तेही जाऊ शकते. म्हणून चार गोष्टी पाठ करा. एक, हक्काचे हस्तांतर लेखी असल्याखेरीज होत नाही. दोन, करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तीन, २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करारातही सोडून देता येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला तेवढा देता येतो. चार, करार करताना जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, ते त्या दुरुस्तीनुसार स्पष्ट लिहिल्याशिवाय करारात येत नाही. म्हणून 'पुढे निघणारी सर्व माध्यमे' असे शब्द दिसले की पेन खाली ठेवा.

टपाल खात्यातल्या बंधूंना एक जुनी समजूत ठाऊक असेल. गाणे पाकिटात घालून स्वतःलाच रजिस्टर्ड टपालाने पाठवायचे आणि पाकीट न फोडता ठेवायचे, म्हणजे हक्क शाबूत! कायद्यात अशा पाकिटाची तरतूद नाही. हक्क रचनेबरोबरच जन्मतो. सरकारी नोंदणी ऐच्छिक असली तरी वादात पुरावा म्हणून उपयोगी पडते. टपालाचा शिक्का तारीख सांगतो, मालक सांगत नाही. (रजिस्टर्ड टपाल २०२५ साली स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले, हा वेगळ्या लेखाचा विषय.)

नोकरीचाही विचार हवा. रेल्वे सेवा (वर्तणूक) नियम, १९६६ आणि केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ या दोन्हींतला नियम १५ पाहा. प्रासंगिक स्वरूपाचे साहित्यिक वा कलाविषयक काम, कर्तव्यात बाधा न येता, पूर्वपरवानगीविना करता येते. पण गाण्यांतून नियमित उत्पन्न सुरू झाले किंवा स्टुडिओ भाड्याने देऊ लागलात, तर तो धंदा ठरू शकतो. आधी लेखी परवानगी घ्या. ग्रामीण डाक सेवकांचे नियम वेगळे आहेत, त्यांनी ते पाहावेत. सहकाऱ्याच्या हाती चार्जशीट पडल्यावर धावण्यापेक्षा आज नियम वाचलेला बरा.

आपल्यातल्या आक्षेपकांना

आपलेच काही ज्येष्ठ म्हणतील, पेन्शनचा लढा चालू आहे, खाजगीकरण दारात उभे आहे आणि तुम्ही माईक घेत बसलात! त्यांना नम्रपणे विचारतो, गेटसभेत तुमच्या भाषणाआधी माणसे जमवतो कोण? हलगीवाला. तुमचे भाषण संपल्यावर घरी जाताना माणसाच्या ओठांवर काय असते? कलम आणि पोटकलम असते, की गाणे? ज्या गाण्यावर सभा उभी राहते ते गाणे जपण्याला हौस म्हणणे शोभत नाही.

दुसरे म्हणतील, फोनवर सगळे रेकॉर्ड होते, हा खटाटोप कशाला? फोनवर आठवण राहते, आणि काहीच नसण्यापेक्षा ती केव्हाही चांगली. पण इटारसीच्या किंवा सिकंदराबादच्या मराठी बंधूला भोंग्यावर ते गाणे लावायचे असेल, तर शब्द कळले पाहिजेत. एकाच माईकवर दुरून घेतलेल्या आवाजात कोरस म्हणजे नुसता कल्ला होतो.

शाखांनी काय करावे

प्रत्येकाने हप्त्यावर संच घेण्यापेक्षा शाखेने एक घ्यावा. तो युनियनच्या कार्यालयात राहील आणि नोंदवहीत सही करून घरी नेता येईल. दर मुद्रणाआधी मराठीत एका पानाचा कागद करावा : शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोण कोण गायले-वाजवले, मुद्रणाचा पुढाकार कोणाचा, पैसे आले तर वाटणी कशी, शाखेला सभेत वाजवायची मुभा आहे की नाही. शाखेनेही कलावंताचे हक्क गिळू नयेत. मालक बदलून शोषण संपत नसते. बाहेरच्या कंपनीचा करार आला तर तो आधी शाखेत वाचला जावा, सही नंतर.

आम्ही काय केले ते सांगून थांबतो. तो २००४ चा कागद शाखेने शोधून काढला आणि वकिलाकडून वाचून घेतला. त्यात शब्द आणि चालही लिहून दिलेली होती. पण मुदत लिहायची राहून गेली होती. म्हणजे पाच वर्षे. २००९ सालीच शब्द आणि चाल त्या गँगमनकडे परत आली होती, आणि बारा वर्षे आम्हाला पत्ता नव्हता! २०२२ च्या पावसाळ्यात कार्यालयात सतरंजी अंथरून, गादी उभी करून, दोन एक्स्प्रेसमधल्या चाळीस मिनिटांत आम्ही ते गाणे पुन्हा मुद्रित केले. निर्माते आम्ही. मूळ ट्रॅक आमच्या कपाटात आहेत. कोणी हक्क सांगत आला तर दाखवायला पुरावा आहे.

पण सोळापैकी चार गळे आता नाहीत. त्यांचा आवाज त्या जुन्या मुद्रणातच आहे आणि ते २०६४ पर्यंत आपले नाही. आपल्या शाखेत आज जे गात आहेत त्यांचा आवाज कोणाच्या कपाटात जाणार, हे या महिन्याच्या सभेत ठरवा.

कामगार एकजुटीचा विजय असो!